पात्यावरची दमलेली हवा

दिवाळीनंतर अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातल्या एखाद्या जिनिंग फॅक्टरीत गेलात, तर आवारात कापसाचा डोंगर दिसतो आणि त्या डोंगरात तोंड खुपसलेला जाड पत्र्याचा पाइप दिसतो. कामगार त्याला नुसते 'सक्शन' म्हणतात. पाइपच्या दुसऱ्या अंगाला मोठा पंखा असतो. तो हवा ओढतो आणि त्या हवेबरोबर कापूस उडत आत जातो. पुढे वाट एकदम रुंद होते, हवेचा वेग मंदावतो, कापूस खाली पडतो आणि रुई व सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांकडे जातो.

या पाइपवरून अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारून पाहावा. पाइप हळूहळू रुंद होत गेला, तर त्यातल्या हवेचा दाब वाढेल की कमी होईल? बर्नुलीचा नियम शिकलेले विद्यार्थी थोडा विचार करून बरोबर सांगतात, की वेग कमी झाला म्हणजे दाब वाढणार. पण प्रत्यक्ष मोजमाप केले तर अनेकदा दाब हिशेबाइतका वाढलेला नसतो. पाइप फार झपाट्याने रुंद केला असेल तर जवळजवळ वाढलेलाच नसतो. मग हवेच्या वेगात जी ऊर्जा होती ती गेली कोठे?

हाच प्रश्न १९०० सालच्या सुमारास एका तरुण जर्मन अभियंत्याला पडला. त्याचे नाव लुडविग प्रांटल. न्यूरेंबर्ग येथील यंत्रांच्या कारखान्यात त्याच्याकडे काम आले होते ते आपल्या जिनिंगमधल्या सक्शनसारखेच. यंत्रांवर पडणारा भुसा आणि छिलके हवेने ओढून नेणारी यंत्रणा सुधारायची होती. प्रांटलने ती सुधारली, पण रुंद होणाऱ्या पाइपमध्ये अपेक्षेइतका दाब का वाढत नाही, हा प्रश्न त्याने सोडला नाही. त्याच्या उत्तरातून आधुनिक वायुगतिशास्त्र उभे राहिले. आणि जेट इंजिनाच्या पात्यांवर आज ज्या उपायाचा अभ्यास आम्ही संशोधक मंडळी करतो, त्याचे मूळही तेथेच आहे.

भिंतीला चिकटलेली हवा

वर्गातला छताचा पंखा बंद करून त्याच्या पात्यांकडे पाहा. पात्यांवर धूळ बसलेली असते. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात कूलरच्या पंख्यावर तर ती बोटाने ओढून काढावी इतकी जमते. दिवसभर जोराने फिरणाऱ्या पात्यावर धूळ टिकतेच कशी? इतक्या वाऱ्यात ती उडून का जात नाही?

याचे कारण असे, की पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्यावरून वाहतच नाही. ती पात्याला चिकटून पात्याबरोबरच फिरते. तिच्या वरचा थर जरासा सरकतो, त्याच्या वरचा थोडा अधिक, आणि असे करत काही अंतरावर हवा पूर्ण वेगाने वाहू लागते. हवेतही थोडा चिकटपणा आहे. शास्त्राच्या पुस्तकात त्याला श्यानता म्हणतात. या चिकटपणामुळे पृष्ठभागाजवळ मंदावलेल्या हवेचा जो पातळ थर तयार होतो त्याला सीमास्तर म्हणतात.

१९०४ साली हायडेलबर्ग येथे गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तेथे २९ वर्षांच्या प्रांटलने एक छोटासा निबंध वाचला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते: श्यानतेचा परिणाम मुख्यतः या पातळ थरातच पाहावा, बाहेरच्या मोठ्या प्रवाहात तो विसरला तरी चालतो. मात्र या थराकडे दुर्लक्ष केले तर प्रवाहाचे चित्रच चुकते.

हा थर किती पातळ असतो? जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरचे पाते सुमारे ५ सेंटीमीटर रुंद आहे आणि त्यावरून हवा सेकंदाला २०० मीटर वेगाने वाहते असे धरू. अशा पात्याच्या मागच्या कडेजवळ सीमास्तराची जाडी फार तर मिलिमीटरभर भरते. हवेचा कण पात्यावरून पार होतो तो सेकंदाच्या चार हजाराव्या भागात. एवढ्या पातळ थरात आणि एवढ्या कमी वेळात जे घडते, त्यावर संपूर्ण इंजिनाचे बरेवाईट अवलंबून असते.

चढावरच्या सायकली

परतवाड्याहून चिखलदऱ्याकडे जाणाऱ्या घाटाच्या पायथ्याशी काही सायकलस्वार वेगाने आले आणि त्यांनी पायडल मारणे बंद केले, अशी कल्पना करू. ज्याचा वेग जास्त तो बराच वर चढेल. ज्याचा वेग निम्मा, तो किती चढेल? निम्मी उंची नव्हे, फक्त पाव. कारण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. तेथे तो थांबेल, आणि ब्रेक लावला नाही तर मागे घसरू लागेल.

हवेसाठी वाढता दाब म्हणजे असाच चढ. आकडे घालून पाहू. वऱ्हाडातल्या कडक उन्हाळ्यात हवेची घनता घनमीटरला सुमारे १.१ किलोग्रॅम असते. सेकंदाला २०० मीटर वेगाने वाहणाऱ्या एक घनमीटर हवेची गतिज ऊर्जा २२,००० जूल भरते, म्हणजे वेग पूर्ण मोडला तर दाब २२,००० पास्कलने वाढू शकतो. (हवा स्वतः दबते, ही गोष्ट हिशेब सोपा राहावा म्हणून तूर्त बाजूला ठेवली आहे.) सीमास्तरातल्या निम्म्या वेगाच्या हवेजवळ मात्र केवळ ५,५०० पास्कल चढण्यापुरतीच ताकद आहे.

समजा दाब ५,५०० पास्कलने वाढला. बाहेरच्या प्रवाहाचा वेग २०० वरून १७३ वर येतो. त्याला फारसे काही जाणवतही नाही. पण निम्म्या वेगाचा तो थर तेथेच थांबतो. त्याच्याही खालचा, आणखी मंद असलेला थर त्याआधीच उलट दिशेने वाहू लागलेला असतो. ही हवा दमलेली आहे, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. बाहेरचा जोरदार प्रवाह तिला घासून थोडेफार पुढे ओढत असतो, त्यामुळे लहान चढ ती निभावून नेते. चढ मोठा झाला की तिचे काही चालत नाही. मागे फिरलेली हवा पृष्ठभागावर साचते, भोवरे धरते आणि वरच्या चांगल्या प्रवाहालाही पृष्ठभागापासून दूर ढकलते. याला प्रवाहाचे विलगीकरण म्हणतात. साध्या भाषेत, प्रवाह सुटतो.

कालव्याच्या काठावर हे दृश्य सहज दिसते. कालवा जेथे एकदम रुंद होतो, किंवा पुलाच्या खांबामागे, काठालगत पडलेले पान प्रवाहाच्या उलट दिशेने सरकताना दिसते. जिनिंगच्या रुंद पाइपमधली हरवलेली ऊर्जा अशीच भोवऱ्यांत जाते आणि शेवटी थोडीशी उष्णता होऊन संपते.

उतारावरचे टर्बाइन, चढावरचा कॉम्प्रेसर

आता जेट इंजिनाकडे वळू. समोरून आलेली हवा कॉम्प्रेसर दाबतो, तिच्यात इंधन जळते, आणि तापलेला वायू टर्बाइनला फिरवून मागे जातो. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर एकाच दांड्यावर असतात. दोन्हींत पात्यांच्या रांगा असतात, एक फिरती आणि एक स्थिर. अशा दोन रांगा मिळून एक टप्पा होतो.

पाहणाऱ्याला वाटते, की कॉम्प्रेसर म्हणजे उलटा फिरवलेला टर्बाइन. वाफेच्या टर्बाइनचा जनक चार्ल्स पार्सन्स यालाही तसेच वाटले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने हवा दाबणारी अशी यंत्रे बनवली, पण त्यांत इतकी ऊर्जा वाया जाई की तो नाद त्याला सोडावा लागला. कारण १९२६ साली इंग्लंडमधल्या ए. ए. ग्रिफिथ यांनी दाखवले. त्या यंत्रांच्या पात्यांवरून प्रवाह सुटलेला होता. पाती विमानाच्या पंखाच्या छेदासारखी घडवली तर कॉम्प्रेसर चांगला चालेल, असे त्यांनी मांडले, आणि पुढे तसेच झाले.

टर्बाइनमध्ये वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे उताराने जातो. तेथे सीमास्तरालाही पुढे ढकलले जाते. कॉम्प्रेसरमध्ये प्रत्येक पाते म्हणजे चढ. म्हणून कॉम्प्रेसरचे पाते हवेला थोडेच वळवते आणि एका टप्प्यात थोडाच दाब वाढवते. द हॅलर यांच्या नावाचा एक जुना ठोकताळा आजही शिकवला जातो: पात्यांच्या रांगेतून बाहेर पडताना हवेचा वेग आत येतानाच्या वेगाच्या ७२ टक्क्यांखाली नेऊ नये. वरच्या उदाहरणात म्हणजे २०० वरून १४४ पर्यंतच. दाबातली वाढ तेव्हा साधारण १०,६०० पास्कल, वातावरणाच्या दाबाच्या एक दशांशाच्या आसपास, एवढीच मिळते.

आपल्याकडे एअरबस ए-३२० निओ जातीची विमाने वापरात आहेत. त्यांतल्या अनेकांवर लीप नावाचे इंजिन असते. त्याचा उच्च दाबाचा कॉम्प्रेसर हवेचा दाब सुमारे २२ पट करतो आणि त्यासाठी त्याला १० टप्पे लागतात. या दहा टप्प्यांना फिरवणारा टर्बाइन मात्र अवघ्या दोन टप्प्यांचा आहे. उतार आणि चढ यांतला फरक यापेक्षा चांगल्या आकड्यांनी सांगता येणार नाही. लॉगॅरिदम शिकलेल्या विद्यार्थ्यांनी हिशेब करावा: प्रत्येक टप्प्याला दाब सरासरी किती पट वाढतो? उत्तर १.३६ येईल.

चढ जरा जास्त झाला तर काय होते? एका पात्यावरून प्रवाह सुटतो आणि त्या दोन पात्यांमधली वाट अर्धी बंद होते. अडलेली हवा शेजारच्या वाटांत घुसते. एका बाजूच्या पात्यावर ती अधिक तिरकी आदळते, तेथेही प्रवाह सुटतो. दुसऱ्या बाजूचे पाते त्यामुळे सावरते. असा सुटलेल्या प्रवाहाचा पट्टा चाकाभोवती फिरत राहतो आणि पाती हादरवतो. परिस्थिती आणखी बिघडली तर संपूर्ण कॉम्प्रेसरची पकड जाते आणि दाबलेली हवा उलटी पुढे धावते. याला सर्ज म्हणतात. तोफेसारखा आवाज होतो, कधी पुढून ज्वाळा दिसतात, आणि इंजिनाची ताकद जाते. म्हणून प्रत्येक इंजिन या सीमेपासून राखून, थोडे हात आखडूनच चालवावे लागते.

दमलेल्यांना बाजूला काढले तर?

आता उपाय सुचणे अवघड नाही. अडथळा साऱ्या हवेचा नाही. पृष्ठभागालगतच्या थोड्या दमलेल्या हवेचा आहे. दोन पात्यांमधली वाट तीन-चार सेंटीमीटरची, आणि दमलेला थर मिलिमीटरभर. तेवढाच थर पात्यातल्या बारीक फटीतून आत ओढून घेतला तर? वरची ताजी, वेगवान हवा खाली येऊन पृष्ठभागाला लागेल आणि उरलेला चढ चढून जाईल.

प्रांटलने हेसुद्धा १९०४ च्याच निबंधात दाखवले होते. हाताने फिरवायच्या चाकावर चालणारी पाण्याची एक छोटी वाहिनी त्याने बनवली होती. पाण्यात चमकणारे बारीक कण टाकले की प्रवाह डोळ्यांना दिसे. त्यात त्याने एक पोकळ दंडगोल ठेवला, त्याच्या एका बाजूला फट ठेवली आणि त्या फटीतून थोडे पाणी आत ओढले. फटीच्या बाजूने प्रवाह दंडगोलाला धरून बराच मागेपर्यंत गेला. दुसऱ्या बाजूने नेहमीप्रमाणे सुटला. एकाच वस्तूच्या दोन बाजूंना दोन वागणुकी! या उपायाला सीमास्तराचे चूषण म्हणतात.

फिरत्या कॉम्प्रेसरवर हे करून दाखवायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जॅक केरब्रॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून हा विषय हाती घेतला. त्यांच्या एका टप्प्याच्या पात्यांच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर, म्हणजे तसा बेताचा होता. तरीही चूषणामुळे त्या एका टप्प्यातून दाब सुमारे १.६ पट करता आला. अधिक वेगाचा दुसरा टप्पा नासाच्या ग्लेन केंद्रात चालवून पाहिला. त्यात एकाच टप्प्यात दाब तिपटीहून जास्त झाला. एरवी एवढ्यासाठी दोन-तीन टप्पे लागतात. ओढून घेतलेली हवा एकूण हवेच्या थोड्या टक्क्यांइतकीच होती.

पुन्हा लॉगॅरिदम घेऊ. दाब २२ पट करायचा आहे आणि प्रत्येक टप्पा १.६ पट करतो. टप्पे किती? सात पुरतात. दहाऐवजी सात टप्पे म्हणजे डझनावारी पाती कमी, दांडा आखूड, वजन कमी. हा कागदावरचा हिशेब आहे. मागच्या टप्प्यांत हवा तापलेली असल्याने प्रत्यक्षात तो इतका सरळ राहत नाही. पण हे काम कशासाठी चालू आहे, ते त्यावरून कळते.

जमाखर्च

मग आजच्या प्रवासी विमानांच्या इंजिनांत अशी पाती रूढ का झाली नाहीत? हा प्रश्न आम्हाला विद्यार्थी नेहमी विचारतात, आणि तो विचारणे योग्यच आहे. एखादी गोष्ट प्रयोगशाळेत चालते एवढ्यावर समाधान मानायचे नसते.

पहिला खर्च हवेचाच. ओढून घेतलेल्या हवेवर आधी काम झालेले असते. पहिल्या टप्प्यावर एक टक्का हवा काढली तर तिच्यावर फार श्रम झालेले नसतात. दहाव्या टप्प्यावर तेवढीच हवा काढून टाकली तर नऊ टप्प्यांचे श्रम पाण्यात जातात. म्हणून चूषण कोठे करायचे हे फार विचाराने ठरवावे लागते. नाहीतरी आजची इंजिने कॉम्प्रेसरमधून थोडी हवा काढतातच. टर्बाइनची तापलेली पाती थंड ठेवायला आणि अनेक विमानांत प्रवाशांच्या कक्षात खेळवायला ती लागते. चुषलेली हवा या कामांना लावता आली तर खर्च बराच वसूल होतो. अडचण एवढीच, की जी हवा हवी असते ती जास्त दाबाची, आणि पात्याच्या पृष्ठभागावरून मिळते ती कमी दाबाची.

दुसरा खर्च ताकदीचा. हवा वाहून न्यायची तर पाते आतून पोकळ हवे. मिनिटाला १२,००० फेरे घेणाऱ्या चाकावर, मध्यापासून २५ सेंटीमीटरवर असलेल्या एक ग्रॅम धातूवर किती बल येते? विद्यार्थ्यांना काढायला सांगा. त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ४०,००० पट येते, म्हणजे एक ग्रॅम धातू तेथे ४० किलोच्या वजनासारखा ओढ घेतो. अशा पात्यात पोकळी ठेवायची, वर फट पाडायची, आणि तरी ते हजारो तास तडकू द्यायचे नाही, हे सोपे नाही. स्थिर पात्यांवर हा ताण नसतो, म्हणून चूषणाचे पुष्कळसे प्रयोग स्थिर पात्यांवरच चालतात. पाते जेथे इंजिनाच्या भिंतीला मिळते, त्या कोपऱ्यात दोन पृष्ठभागांची दमलेली हवा एकत्र साचते. तेथे चूषणाचा फायदा विशेष होतो.

तिसरा शत्रू धूळ. १९६० च्या दशकात अमेरिकेत एक्स-२१ नावाच्या विमानाच्या पंखांवर बारीक फटी पाडून चूषणाचे प्रयोग झाले. घर्षण कमी झाले, पण फटी स्वच्छ ठेवणे ही मोठी डोकेदुखी ठरली. एप्रिल-मे महिन्यांतली वऱ्हाडातली धूळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि चौथी गोष्ट जागेची. आमचीही येथे एकदा फसगत झाली. वायुबोगद्यात ठेवलेल्या पात्यावर आम्ही सुताचे धागे चिकटवले होते. प्रवाह सुटला की तेथले धागे वेडेवाकडे नाचतात. ते नाचतात तेथेच फट पाडावी, असे वाटून आम्ही तशी पाडली. पंपाचा जोर वाढवत नेला तरी धागे नाचतच राहिले. कारण तोवर प्रवाह सुटून गेला होता, आणि आम्ही साचलेल्या भोवऱ्यातली हवा उपसत बसलो होतो. फट प्रवाह सुटण्याच्या जागेच्या किंचित आधी घेतली, तेव्हा निम्म्याहून कमी हवा ओढून धागे सरळ झाले. सायकलस्वार मागे घसरू लागल्यावर हात देण्यापेक्षा तो दमू लागला तेव्हाच बाजूला घेणे शहाणपणाचे. मात्र इंजिनाचा वेग बदलला की ही जागाही सरकते, आणि फट तर जागची हलत नाही. या प्रश्नावर अजून काम चालू आहे.

दमलेली हवा काढून टाकणे हा एकच मार्ग नाही. तिच्यात ताजी हवा फुंकता येते, किंवा पृष्ठभागावर छोटी पाने बसवून वरची वेगवान हवा खाली मिसळता येते. अनेक विमानांच्या पंखांवर अशा छोट्या पानांची ओळ दिसते. चूषणाची बाजू एवढीच, की ते दुखण्याच्या मुळाशी जाते.

वऱ्हाडच्या उन्हात

हे सारे लांबचे वाटू नये. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईसाठी प्रवासी विमानसेवा सुरू झाली, ती एटीआर-७२ जातीच्या विमानाने. त्याच्या इंजिनातला कॉम्प्रेसर वेगळ्या जातीचा आहे. तो हवेला मध्यातून बाहेरच्या बाजूला भिरकावतो. पण भिरकावलेल्या वेगवान हवेला रुंद होणाऱ्या वाटांतून नेऊन तिचा दाब वाढवावा लागतो, आणि तेथे पुन्हा जिनिंगच्या पाइपचाच प्रश्न उभा राहतो. पारा ४५ अंशांवर असताना हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. इंजिनाला तेवढी कमी हवा मिळते, पंखांनाही तेवढा कमी आधार मिळतो. उन्हाळ्याच्या दुपारी प्रत्येक टप्प्याकडून थोडे अधिक काम करून घेता आले तर त्याची किंमत येथे अधिक आहे.

आणि या विद्येची आपल्या देशाला गरज आहे. बंगळूर येथे कावेरी या लढाऊ विमानाच्या इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला. तीन टप्प्यांचा पंखा आणि सहा टप्प्यांचा कॉम्प्रेसर अशी त्याची रचना. पण तेजस विमानाने जानेवारी २००१ मध्ये पहिले उड्डाण केले ते अमेरिकन इंजिनावर, आणि २००८ मध्ये कावेरी तेजसपासून वेगळे करण्यात आले. इंजिन बनवणे किती कठीण आहे याची ही साक्ष आहे. पवईच्या आयआयटीत कॉम्प्रेसरमधल्या प्रवाहावर संशोधन होते. भास्कर रॉय आणि ए. एम. प्रदीप यांची या विषयावरची व्याख्याने एनपीटीईएलच्या मालिकेत सर्वांना खुली आहेत. बारावीचा हुशार विद्यार्थी शिक्षकाच्या मदतीने त्यांतला आरंभीचा भाग समजू शकेल.

वर्गात करून पाहा

१. एक मेणबत्ती पेटवून तिच्यासमोर गोल बाटली ठेवा आणि बाटलीच्या अलीकडून जोरात फुंका. मेणबत्ती विझते, हवा बाटलीला वळसा घालून मागे जाते. आता बाटलीच्या जागी तेवढ्याच रुंदीचा पुठ्ठा उभा धरा आणि फुंका. ज्योत विझण्याऐवजी पुठ्ठ्याकडे, म्हणजे तुमच्या दिशेने झुकते. पुठ्ठ्याच्या कडांवर प्रवाह सुटला आहे आणि त्याच्या मागे हवा उलटी वाहते आहे.

२. पसरट परातीत चार-पाच सेंटीमीटर पाणी घ्या आणि त्यावर खडूची भुकटी भुरभुरा. दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी उभी धरून पाण्यातून सावकाश ओढा. नळीच्या मागे भोवऱ्यांची जोडी दिसेल.

३. हा प्रयोग वरच्या वर्गासाठी. त्याच नळीचे खालचे तोंड बंद करा आणि बाजूला पाण्याखाली राहील अशी एक मिलिमीटर रुंदीची उभी फट पाडा. नळीच्या आत सलाइनची नळी सोडून तिचे दुसरे टोक खाली ठेवलेल्या बादलीत सोडा आणि वक्रनलिका सुरू करा. आता फटीतून पाणी आत ओढले जाईल. फट बाजूला आणि थोडी मागे राहील अशी नळी धरून ओढा. फटीच्या बाजूचा आणि दुसऱ्या बाजूचा भोवरा सारखा आहे का? सलाइनच्या नळीवरची चकती फिरवून पाणी कमी-कमी करत जा आणि बादलीत सेकंदाला किती मिलिलिटर पडते ते मोजा. फरक दिसण्यासाठी कमीत कमी किती पाणी ओढावे लागते? फट पुढे-मागे फिरवली तर तो आकडा बदलतो का? पहिल्या खेपेस जमले नाही तर फटीची जागा बदलून पुन्हा पाहावे. आम्हालाही पहिल्या खेपेस जमले नव्हते.

या शेवटच्या प्रयोगातला आकडा विद्यार्थ्यांनी वहीत लिहून ठेवावा. मोठ्या प्रयोगशाळांतही शेवटी हाच आकडा शोधला जातो: कमीत कमी किती हवा काढली, तर उरलेली सगळी हवा चढ चढून जाईल?